घोटा मुरगळून महिने झाले, अजून दुखतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून आमच्याकडे घोट्याबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटच्या (हाडाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्याच्या) दुखापतीचे आहेत, आणि विचारणाऱ्याला सहा आठवडे उलटून गेल्यावरही बरं वाटलेलं नसतं. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दुखापत कालपरवाची असेल तर आधी प्रश्न ३ वाचा. मधुमेह असेल तर सगळ्यात आधी प्रश्न १९.

१. घोटा मुरगळतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. पाऊल आत वळून शरीराचा भार त्याच्या बाहेरच्या कडेवर आला की सगळ्यात पुढचं लिगामेंट आधी ताणलं जातं. रिपोर्टमध्ये त्याला 'एटीएफएल' म्हणतात. जोर जास्त असेल तर त्याच्या खालचं 'सीएफएल'ही जातं. मागचं तिसरं लिगामेंट क्वचितच तुटतं.

टॅलस नावाचं हाड घोट्याच्या खोबणीत बसतं. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. टाच उचललेली आणि पंजा खाली असला की खोबणीत अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणूनच जिन्याची शेवटची पायरी, फुटपाथचा उखडलेला ब्लॉक, उंच टाचेची चप्पल किंवा टेकडीची उतरण अशा ठिकाणी पाय मुरगळतो.

लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची टोकंही असतात. पाऊल कुठे आणि कसं टेकलं आहे, हे मेंदूला त्यांच्याकडून कळतं. लिगामेंट ताणलं की ही जाणीव बोथट होते आणि दुखणं थांबलं तरी ती आपोआप परत येत नाही. घोटा रेंगाळण्याचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

२. किती दिवसांत बरा व्हायला हवा? माझे अडीच महिने झाले.

लिगामेंट नुसतं ताणलं असेल तर एक ते तीन आठवडे लागतात. अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा आठवडे, आणि पूर्ण तुटलं असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त. हे आकडे रोजची कामं सुरू होण्याचे आहेत. लिगामेंटमध्ये तयार होणारे नवे तंतू नीट रचले जाऊन मजबूत व्हायला वर्षही लागतं. त्यामुळे अडीच महिन्यांनी संध्याकाळी थोडी सूज येत असेल आणि सकाळी ती उतरलेली असेल, तर काळजीचं कारण नाही.

आठवडे मोजत बसण्यापेक्षा सुधारणेची दिशा पाहा. गेल्या पंधरवड्यापेक्षा या पंधरवड्यात जास्त चालता येतंय का? जिना उतरताना कठड्याचा आधार कमी लागतो का? उत्तर 'हो' असेल तर उशीर झाला तरी घोटा भरून येतोय. मात्र सलग चार आठवडे काहीच फरक नसेल, सहा आठवड्यांनंतरही लंगडावं लागत असेल, सांधा मध्येच अडकत असेल किंवा रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखत असेल, तर नुसती वाट पाहून उपयोग नाही. प्रश्न ४ वाचा.

३. तेव्हा एक्स-रे काढलाच नाही. काढायला हवा होता का?

कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली यासाठी सोपे निकष तयार झाले आणि ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या भागात दुखत असताना पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर एक्स-रे काढतात: आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा शेवटच्या सहा सेंटिमीटरमध्ये मागच्या कडेवर दाबल्यावर दुखणं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता न येणं. लंगडत टाकलेली पावलंही धरली जातात. दुखणं पावलाच्या मधल्या भागात असेल तर करंगळीकडच्या लांब हाडाचा बुंधा आणि आतल्या कमानीचं नॅव्हिक्युलर हाड दाबून पाहतात.

तेव्हा यातलं काही होतं आणि आजही तिथेच बोट ठेवल्यावर दुखतं, तर एक्स-रे आता काढा. उशीर झाला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. शक्य असेल तर 'उभं राहून', म्हणजे पायावर भार देऊन काढून घ्या. हाडांमधलं अंतर त्यात जास्त खरं दिसतं.

४. एक्स-रे नॉर्मल आहे, फिजिओथेरपीही झाली, तरी दुखतं. काय राहून गेलं असेल?

इथे 'कुठे दुखतं' हे एका बोटाने दाखवता येणं फार महत्त्वाचं असतं. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी शांतपणे बोटाने दाबून पाहा आणि पेनने खूण करा.

घोट्याच्या वर पुढच्या बाजूला दुखत असेल आणि पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबल्यावर खाली कळ येत असेल, तर नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड (फिब्युला) यांना बांधणारं लिगामेंट दुखावलं असण्याची शक्यता आहे. ही 'वरची' दुखापत भरायला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. हाडं एकमेकांपासून फाकली असतील तर शस्त्रक्रियाही लागते.

दुखणं सांध्याच्या आत खोल असेल, चालल्यावर सूज येत असेल आणि मध्येच सांधा अडकत असेल, तर टॅलसवरच्या कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत थराचा, तुकडा निखळलेला असू शकतो. हे साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही.

बाहेरच्या घोट्याच्या *मागे* दुखत असेल आणि पाऊल फिरवताना काहीतरी टककन सरकल्यासारखं होत असेल, तर तिथल्या पेरोनियल स्नायूबंधांकडे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरांकडे) पाहावं लागतं. यात एकतर उभी चीर गेलेली असते किंवा स्नायूबंध खोबणीतून बाहेर सरकत असतो.

पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या बुंध्याशी दुखत असेल तर तिथे फ्रॅक्चर आहे का ते पाहावं लागतं. बुंध्याच्या थोडं पुढे रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथलं फ्रॅक्चर जुळायला फार वेळ घेतं. सहा ते आठ आठवडे भार न देता ठेवणं किंवा स्क्रू घालणं, असे पर्याय असतात.

घोट्याच्या खाली आणि पुढे दुखत असेल तर टाचेच्या हाडाच्या पुढच्या टोकाचं किंवा टॅलसच्या बाहेरच्या कडेचं बारीक फ्रॅक्चर असू शकतं. दोन्ही एक्स-रेत निसटतात, सीटी स्कॅनमध्ये दिसतात.

यातलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा व्यायाम अर्ध्यावर सुटलेला असतो. फिजिओथेरपीची दहा सेशन्स मशीनखाली काढली (प्रश्न १०), सूज उतरली, येणं बंद झालं. एका पायावर उभं राहण्याचा सराव मात्र कधी झालाच नाही.

५. एमआरआय करायचा का? रिपोर्टमध्ये 'टेअर' लिहिलंय, म्हणजे ऑपरेशन?

पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची गरज सहसा नसते, कारण त्याने उपचार बदलत नाही. सहा ते आठ आठवडे नीट व्यायाम करूनही अडत असेल किंवा प्रश्न ४ मधली एखादी शंका असेल, तर करावा. फक्त स्नायूबंधाची शंका असेल तर अनुभवी रेडिओलॉजिस्टने केलेली सोनोग्राफी स्वस्त पडते. त्यात घोटा हलवताना काय सरकतं तेही दिसतं.

'पार्शियल टेअर' किंवा 'कम्प्लीट टेअर ऑफ एटीएफएल' वाचून घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही जुन्या फाटलेल्या लिगामेंटच्या खुणा सापडतात. पूर्ण तुटलेलं लिगामेंटही बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय कामापुरतं भरतं. ऑपरेशनचा विचार सांधा प्रत्यक्षात किती सैल आहे यावर होतो, रिपोर्टमधल्या एका शब्दावर नाही. 'बोन मॅरो एडिमा' म्हणजे हाडाला आतून लागलेला मुका मार. तो काही महिने ठणकतो आणि सहसा आपोआप विरतो.

६. बर्फ की गरम शेक?

पहिल्या दोन-तीन दिवसांत बर्फ, रुमालात गुंडाळून, एका वेळी १० ते १५ मिनिटं. त्याने दुखणं कमी होतं. लिगामेंट लवकर भरतं असं नाही. विश्रांती, बर्फ, बँडेज आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ साली मांडणारे अमेरिकेतले डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याला उशीर होऊ शकतो. या दिवसांत शेक, गरम तेल आणि चोळणं टाळा, सूज वाढते. महिन्यानंतर व्यायामाआधी दहा मिनिटं शेक घेतला तर हालचाल मोकळी होते, आणि संध्याकाळी सूज आली तर बर्फ चालतो.

७. क्रेप बँडेज, अँकलेट, ब्रेस की प्लास्टर?

क्रेप बँडेज सूज आवरण्यासाठी आहे. दहा सेंटिमीटर रुंदीचं घ्या. बोटांच्या मुळापासून सुरू करा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर चढवा, घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखं फिरवा आणि पोटरीच्या खाली संपवा. टाच उघडी ठेवली तर सूज तिथेच जमते. बोटं गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सोडा. दोन-तीन तासांत ते सैल होतं, म्हणून पुन्हा बांधावं लागतं. रात्री काढून ठेवा.

दुकानात मिळणारं मोज्यासारखं लवचीक अँकलेट ऊब आणि हलका दाब देतं, पण पाऊल आत वळणं थांबवत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला किंवा बुटासारखा दोरीने आवळायचा ब्रेस लागतो. तो मोजे घालून, बुटाच्या आत, चालताना चार ते सहा आठवडे वापरा. पुढे फक्त खेळताना आणि खडबडीत रस्त्यावर, सहा ते बारा महिने. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण ब्रेसमुळे बरंच कमी होतं. 'सवय लागून स्नायू कमजोर होतील' ही भीती व्यायाम चालू असेल तर निराधार आहे.

प्लास्टर किंवा पोटरीपर्यंतचा कडक वैद्यकीय बूट लिगामेंट पूर्ण तुटलं असेल आणि पाय टेकवतच नसेल तर साधारण दहा दिवसांपर्यंत उपयोगी पडतो. फ्रॅक्चर नसताना सहा आठवडे प्लास्टर घातलं तर सांधा आखडतो, पोटरी वाळते आणि घोटा आणखी रेंगाळतो.

८. घरी कोणते व्यायाम, किती आणि कोणत्या क्रमाने?

आधी मोजमाप करा, कारण सूज उतरली की घोटा बरा झाला असं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

भिंतीसमोर उभे राहा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे न्या. अंगठा आणि भिंत यांमधलं जास्तीत जास्त अंतर टेपने मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सांधा आखडलेला आहे. अशा वेळी हाच व्यायाम करा: दिवसातून दोनदा १५-१५ वेळा, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. पाऊल आत कोसळलं तर मोजमाप खोटं येतं.

त्याबरोबर रबरी पट्टी, म्हणजे थेराबँड, पावलाला अडकवून चारही दिशांना जोर लावा. बाहेरच्या दिशेवर जास्त भर द्या, कारण घोटा आत वळताना सावरणारे स्नायू तेच. १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. परत येताना पट्टी झटकन सोडू नका, तीन आकडे मोजत सोडा.

पोटरीसाठी ओट्याला हात टेकवून दोन्ही टाचा उचला, १५ वेळा तीन फेऱ्या. ते सहज जमलं की दोन्ही पायांवर चढा आणि दुखऱ्या पायावर उतरा. त्यानंतर पूर्ण एका पायावर. सलग २० ते २५ वेळा, चांगल्या पायाइतक्याच उंचीपर्यंत, हे लक्ष्य ठेवा. बहुतेकजण इथे दहाव्या वेळेलाच अडकतात आणि नेमकं कुठे अडतंय ते त्यांना पहिल्यांदा कळतं.

तोलाचा व्यायाम रोज करा. एका पायावर ३० सेकंद, मग ६० सेकंद. मग डोळे मिटून, कोपऱ्यात उभं राहून, म्हणजे तोल गेला तर भिंत आहे. मग दुमडलेल्या सतरंजीवर. मग एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, तिरकं मागे, असं जमिनीला स्पर्श करत. दात घासताना केलं तरी चालेल, वेगळा वेळ लागत नाही.

धावण्याची घाई करू नका. अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी सूज नसावी, एका पायावर २० वेळा टाच उचलता यावी आणि एका पायावर दहा उड्या न घाबरता मारता याव्यात. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू करा. एकूण सहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. तीन आठवड्यांत सोडणारे सहा महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न विचारतात.

९. व्यायाम करताना दुखतं. थांबवू का?

दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर येणं, एवढं चालतं. सकाळी सूज किंवा ताठरपणा वाढलेला असेल तर व्यायाम बंद करू नका. फेऱ्या निम्म्यावर आणा आणि दोन दिवसांनी परत वाढवा. सुरी खुपसल्यासारखी कळ, सांधा अडकणं किंवा पाय लटकन सुटणं असेल तर थांबा आणि दाखवा.

१०. फिजिओथेरपीत रोज मशीन लावतात. त्याने बरं होईल ना?

अल्ट्रासाउंड मशीनचा मुरगळलेल्या घोट्यावर अभ्यासांमध्ये फारसा फायदा दिसलेला नाही. करंट दिल्याने काही तास दुखणं कमी वाटतं. तेवढ्यासाठी हरकत नाही, पण अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं मशीनखाली जात असतील तर स्पष्ट विचारा: "मला व्यायाम कोणता, तो कधी वाढवायचा, आणि माझं मोजमाप कधी घेणार?" चांगल्या फिजिओथेरपिस्टना हा प्रश्न आवडतो. रोज जाणं परवडत नसेल तर दहा दिवसांतून एकदा जा, व्यायाम तपासून आणि वाढवून घ्या, बाकी घरी करा.

११. हाडवैद्याकडे 'नस बसवून' घेऊ का? आणि आंबेहळदीचा लेप?

आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप धड असलेल्या त्वचेवर लावायला हरकत नाही. थंडावा मिळतो, खाज किंवा पुरळ आलं तर धुऊन टाका. लिगामेंट मात्र लेपाने जुळत नाही.

ओढून 'बसवणं' टाळा. मुरगळलेल्या घोट्यात बहुतेकदा काही जागचं हललेलं नसतं, त्यामुळे बसवायला काही नसतं. आणि खरोखर हललेलं असेल, म्हणजे फ्रॅक्चर असेल किंवा वरची दोन हाडं फाकलेली असतील, तर जोराने ओढल्याने नुकसान वाढतं. घरच्या मोठ्यांनी आग्रह धरला तर किमान एवढं करा: आधी एक्स-रे, मग हलकी मालिश, तीही पोटरीची.

१२. गोळ्या किती दिवस? व्हिटॅमिन डी घेऊ का?

डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांसाठी असतात. अल्सर, किडनीचा त्रास, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मेडिकलमधून मनाने घेऊ नका. अशांना पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं डायक्लोफिनॅक जेल जास्त सुरक्षित, पण तेही एकदा डॉक्टरांना विचारूनच. महिनोन्महिने गोळी लागत असेल तर निदान तपासून घ्या.

पुण्यात ऊन भरपूर असलं तरी दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांत व्हिटॅमिन डी कमी असणं नेहमीचं आहे. रक्तातलं प्रमाण प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा आठवड्याला ६०,००० युनिटचा ठरावीक कोर्स देतात. तो संपला की थांबायचं असतं, वर्षभर चालू ठेवला तर कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं. तंबाखू आणि सिगारेट भरून येणं लांबवतात. आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी स्नायूबंध, विशेषतः टाचेमागचा, दुखावू शकतो. असा कोर्स घेतल्यावर टाचेमागे दुखू लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

१३. स्टेरॉइडचं इंजेक्शन की पीआरपी?

स्टेरॉइड लिगामेंटमध्ये किंवा टाचेमागच्या स्नायूबंधात देऊ नये, तंतू कमजोर होतात. सांध्यात दाह झालेला असेल किंवा पुढच्या कोपऱ्यात दाट ऊतक अडकत असेल, तर एखादं इंजेक्शन सांध्याच्या आत देतात. त्याचा आराम काही आठवडे टिकतो, तो वेळ व्यायामासाठी वापरायचा असतो.

पीआरपीमध्ये आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग टोचतात. घोट्याच्या झिजेवर नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीआरपी घेतलेल्यांना नुसतं सलाईन टोचलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. रेंगाळलेल्या लिगामेंटसाठीही भक्कम पुरावा नाही. इतका खर्च करण्यापूर्वी प्रश्न ८ मधले व्यायाम बारा आठवडे मनापासून झालेत का, ते तपासा.

१४. आता दुखत नाही, पण सपाट रस्त्यावरही सारखा मुरगळतो. ऑपरेशन करावं का?

याला जुनाट अस्थिरता म्हणतात. तीन ते सहा महिने तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम नीट करून, ब्रेस वापरूनही घोटा दगा देत असेल, आणि तपासणीत सांधा खरोखर सैल असेल, तेव्हा ऑपरेशनचा पर्याय येतो. 'दगा देईल असं वाटतं' आणि 'सांधा सैल आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जाणिवेची, तिला व्यायाम, दुसरी रचनेची. डॉक्टर टाच धरून पाऊल पुढे ओढून पाहतात आणि दुसऱ्या पायाशी तुलना करतात. ती तपासणी न करता नुसता एमआरआय बघून तारीख दिली जात असेल, तर दुसरं मत घ्या.

सर्वांत प्रचलित शस्त्रक्रिया स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडलेली. तिच्यात तुमचंच सैल लिगामेंट आखडून हाडाला परत शिवतात. १९८० पासून गूल्ड यांची भर, म्हणजे शेजारचा पट्टा वरून शिवणं, तिला जोडली गेली. आता टाके हाडात छोट्या अँकरने बसवतात आणि काही सर्जन वरून मजबुतीची टेप घालतात. निवड योग्य असेल तर बहुतेकांना चांगला गुण येतो. अंगानेच सांधे फार लवचीक असतील, वजन जास्त असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तर स्नायूबंधाचा तुकडा वापरून नवं लिगामेंट बनवावं लागू शकतं.

सर्जनना विचारायचं: त्याच वेळी दुर्बिणीने कूर्चा पाहणार का? टाच आत वळलेली आहे का, आणि असेल तर हाड सरळ न करता लिगामेंट टिकेल का? दुसरा प्रश्न कमी लोक विचारतात, पण शिवलेलं लिगामेंट परत सैल होण्याचं ते मोठं कारण आहे. धोके: पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा, जखमेत जंतुसंसर्ग, आखडणं, पोटरीत रक्ताची गुठळी.

१५. ऑपरेशननंतर नोकरी आणि गाडी कधी?

साधारण दोन आठवडे पाय टेकायचा नाही, मग सहाव्या आठवड्यापर्यंत बुटात भार, मग ब्रेस आणि व्यायाम. बसून काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत घरून सुरू करता येतं. दिवसभर उभं राहायचं असेल तर दोन ते तीन महिने धरा. खेळ चार ते सहा महिन्यांनी. सर्जनप्रमाणे हे वेळापत्रक बदलतं. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर कुबड्यांवर जिना चढण्या-उतरण्याचा सराव ऑपरेशनच्या *आधी* करा. एका पोटरीत सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागली, तर लगेच इस्पितळ गाठा.

१६. विमा मिळेल का? सरकारी इस्पितळात होतं का?

बऱ्याच पॉलिसींत ठरावीक आजारांना २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, पण अपघातातून आलेल्या दाव्याला ती लागू होत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा केसपेपर जपा, आणि त्यावर तारीख व 'जिना उतरताना पाय मुरगळला' असं कारण लिहून घ्या. वर्षभराने ऑपरेशन ठरलं तर 'जुना आजार' आणि 'अपघात' यांतला फरक हाच कागद दाखवतो. बाहेरून घेतलेली फिजिओथेरपी सहसा मिळत नाही. दाखल झाल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, अनेक पॉलिसी देतात.

सरकारी तपासणीसाठी ससूनची अस्थिरोग ओपीडी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून विचारा.

१७. स्कूटर कधी चालवू? आणि मांडी घालून बसणं?

स्कूटरवर खरी परीक्षा सिग्नलला होते. गाडी तिरकी झाली की तिचं सगळं वजन टेकवलेल्या पायावर येतं. गाडी बंद ठेवून, दुखऱ्या पायावर तोलून धरता येते का ते पाहा. गिअरची बाईक असेल आणि डावा घोटा दुखत असेल तर बुटाच्या वरच्या बाजूने गिअर उचलणं शेवटी जमतं. चारचाकीत उजवा पाय असेल तर थांबलेल्या गाडीत ब्रेक कचकन दाबून पाहा. जरा जरी बिचकलात तर अजून वेळ आहे.

मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो आणि पाऊल आत वळतं, म्हणजे दुखावलेलं लिगामेंटच ताणलं जातं. पहिले दोन-तीन महिने पाटावर किंवा खुर्चीत बसा, नाहीतर घोट्याखाली उशी घ्या. वज्रासनात सांध्याचा पुढचा भाग ताणला जातो, ते सगळ्यात शेवटी. उकिडवं बसणं आणि भारतीय शौचालय भिंतीच्या चाचणीत (प्रश्न ८) फरक दोन सेंटिमीटरच्या आत आला की सहसा जमतं. तोवर कमोड वापरा.

१८. टेकडी, सिंहगड, ढोल पथक, वारी: परत कधी?

चढण आधी, उतरण शेवटी. पर्वतीच्या पायऱ्या चढून-उतरून दुसऱ्या दिवशी सूज नाही, असं तीनदा झालं की वेताळ टेकडीचा रुळलेला रस्ता घ्या. सिंहगडला आतकरवाडीच्या वाटेने चढून गाडीने खाली या. सुट्या मुरमावरची ती उतरण, थकलेल्या पोटऱ्या आणि सैल सांधा, हे तिन्ही एकत्र येतात तिथेच घोटा पुन्हा जातो. पावसाळ्यात तर नाहीच.

पथकात ढोल कमरेला बांधला की तोल पुढे जातो आणि तासन्‌तास एकाच जागी पाय आपटले जातात. सरावाला आधी ढोल न बांधता, ब्रेस घालून पूर्ण वेळ उभे राहा. मग ताशा किंवा झांज. मग ढोल, तोही बुटांवर, चपलांवर नको. वारीचा पुणे-सासवड टप्पा लांब, त्यात दिवे घाट. आठवड्यातून तीनदा चालत अंतर दर आठवड्याला फार तर दहा टक्क्यांनी वाढवा, आणि दीड-दोन महिने आधीच १५ किलोमीटरपर्यंत पोचा. ते जमलं नसेल तर या वर्षी शहरातल्या शहरात पालखीबरोबर चाला.

१९. मधुमेह आहे. घोटा सुजलाय, गरम लागतो, पण फारसा दुखत नाही. बरं लक्षण ना?

नाही, हे तातडीचं आहे. बरीच वर्षं मधुमेह असेल तर पावलाची संवेदना कमी होते. अशा वेळी हाडं आतून मोडत-झिजत असतात आणि दुखणं मात्र नसतं. याला शार्को फूट म्हणतात. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. दोन्ही पावलांना हाताची पाठ लावून पाहा. एक स्पष्ट गरम असेल तर त्यावर भार देणं थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. प्रश्न ८ मधला एकही व्यायाम तोपर्यंत करू नका. पायाला जखम किंवा ताप असेल तर जंतुसंसर्गाचीही शंका घ्यावी लागते.

२०. मुलगा १२ वर्षांचा आहे, आई ६८ वर्षांची. दोघांना हेच लागू?

पूर्ण नाही. वाढत्या वयात लिगामेंटपेक्षा हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी कमकुवत असते. बाहेरच्या हाडावरच दुखत असेल तर 'मुरगळला असेल' म्हणून सोडू नका. आईंच्या बाबतीत साध्या मुरगळण्यानेही हाड मोडू शकतं, म्हणून एक्स-रे काढायला मागेपुढे पाहू नका आणि हाडांची घनता तपासा. तोलाचे व्यायाम त्यांनी ओट्याला धरूनच करावेत, डोळे मिटून नको.

२१. चादर लागली तरी आग होते, पाऊल कधी लाल कधी निळसर. हे काय?

दुखापतीच्या मानाने फार जास्त आग, रंग आणि तापमानात बदल, घाम, नखं-केसांची वेगळी वाढ ही मज्जासंस्थेने वेदना धरून ठेवल्याची लक्षणं असू शकतात. डॉक्टर याला सीआरपीएस म्हणतात. पाय झाकून, न हलवता ठेवला तर ते बळावतं. वेदनातज्ज्ञ आणि फिजिओथेरपी एकत्र, जितक्या लवकर तितकं चांगलं. तोपर्यंत मऊ सुती कापड, मग टॉवेल, असं दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं त्वचेवर फिरवत राहा.

२२. एक डॉक्टर ऑपरेशन सांगतात, दुसरे व्यायाम. कोणाचं ऐकू?

दोघांना एकच विचारा: दुखण्याचं नेमकं कारण कोणतं, ते कोणत्या तपासणीत दिसलं, आणि तुमच्या उपायाने फरक पडला नाही तर किती आठवड्यांनी थांबायचं? तिन्हीची सरळ उत्तरं देणाऱ्यांचं वजन जास्त. सोबत भिंतीची आणि टाच उचलण्याची मोजमापं तारखेसह न्या, आणि एमआरआयचा नुसता छापील रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्म न्या. सर्जनला चित्रं स्वतः पाहायची असतात.